पाय कोणाले दाखवाचा

आंबागड, होळीनंतरचा मंगळवार

चिरंजीव भाऊ टेकचंदले मोठ्या बाईचा आशीर्वाद. तुझी तब्येत बरीच असेल, भंडाऱ्याले पंख्याखाली बसणाऱ्याले काय होते? तुझ्या पुष्पाबाईचा गुडघा कसा आहे? (गरम मिठाची पोटली बांध म्हणावं.) आम्ही इकडं जिवंत आहो.

तू निराधारच्या पेन्शनसाठी फुकटाचे सरकारी वकील लावून दिले. कृष्णराव वकील माणूस चांगला, फक्त हळू बोलते, मले तेवढा धीर नाही. त्याईनं बजावलं का चौकशीवाले घरी आले म्हणजे तुझ्या भाटव्याचा पाय उघडा ठेवा, काय जमत नाही ते सांगा, खोटं बोलू नका. आता यात बजावाचं काय? जंगलात सागाचा ओंडका पडून आमच्या ह्यांचा पाय कामातून गेला, हे साऱ्या गावाले माहीत. माणूस काठीबिगर बाजेवरून उठत नाही. पेन्शन भेटली तर घर चालते, नाही तर माझ्या एकटीच्या धान रोवण्याच्या मजुरीवर किती दिवस चालणार?

पण चौकशीवाले येणार त्याच दिवशी आपल्या पोरीले, धुरपताले पाहाले नाकाडोंगरीचे पाहुणे येणार होते. म्हणून शेजारच्या शकुनबाईचे बैल आणून अंगणात बांधले, तिचेच धानाचे पोते ओसरीत रचले. (असं सारेच करतात, तुझ्या लग्नातही केलं होतं.) तेवढ्यात बैलबंडीतून धोतर-टोपीवाले दोघं उतरले. आता बंडीतून सरकार येते का? अन् पोराकडच्यांले 'तुम्ही कोण' म्हणून विचारणं म्हणजे त्यांच्या टोपीले हात घालणं. आपल्याकडं आधी पाय धुवाले पाणी, मग पोहे, मग चहा, नाव त्याच्यानंतर. मी ह्यांच्या पायावर चादर टाकली, तोंड उघडू नका म्हणून दटावलं, अन् सुरू झाली. म्हटलं, हे सकाळी किल्ल्यावर चढून येतात अन् मग नांगर धरतात. बैल आमचे, धान आमचं. त्यातला म्हातारा धुरपताच्या हातचे पोहे खात सारं लिहून घेऊन राहिला होता. मले वाटलं, काय चोख सोयरा आहे. त्यानं ह्यांची सही मागितली, मी म्हटलं घ्या, शुभ कामाले उशीर कायले.

ते गेल्यावर बैल परत केले, पोते परत केले, गरीब दिसाले केसांले चुलीची राख फासली. अन् आली जीप. जीप म्हणजे सरकारच ना? मी दारातच रडाले बसले. घरात दाणा नाही, माणूस अपंग, पोरीचं लुगडं फाटकं. चादर ओढून पाय त्यांच्या नाकापुढं केला. त्यातला मोठा माणूस, मारोतराव, म्हणाला, "बाई, आम्ही पोरगी पाहाले आलो, तुम्ही पाय कायले दाखवून राहिल्या?"

(जीप त्यांच्या जावयाच्या ठेकेदाराची. अन् सरकारी जीप नाल्यात फसली म्हणून साहेब बंडीतून आले होते. यात माझं काय चुकलं ते सांग.)

मी चादर परत पायावर ओढली. धुरपता मात्र फसफसून हसत चहा घेऊन आली, तिच्या मागं मारोतरावही हसले. म्हणाले, सोयऱ्यापुढं इतकं खरं बोलणारं घर उभ्या तालुक्यात नाही, पोरगी दिली का? मी दिली.

पेन्शन मात्र नामंजूर. तू वकीलसायबांच्या हातापाया पडून अपील टाकाले लाव.

तुझी
बाई

ता. क. वकीलसाहेब म्हणतात अपिलाच्या दिवशी बाईले घरी ठेवा. म्हणून तूच ये. मारोतराव साक्ष द्याले तयार आहेत, पाय त्याईनं जवळून पाहिला आहे.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. पोहे खाणारा तो म्हातारा म्हणजे पेन्शनीच्या चौकशी समितीचे भय्याजी, अपीलही त्यांच्याच पुढं येणार म्हणे. त्यांचा काल निरोप आला का पेन्शनीचं सोडा, पोरगी अन् घर दोन्ही पसंत आहे, भाच्यासाठी विचारून राहिलो. पोरगी तर मारोतरावांकडं दिली, तर भय्याजींले नाही म्हणाचं, ते निकालाच्या आधी का नंतर, एवढं वकीलसायबांले विचारून लवकर कळव.