तीनपैकी एक थाप

गुरुवार, २८ ऑगस्ट

यांच्या पत्त्यांच्या अड्ड्यातल्या सोपानरावांचा फोन. "वहिनी, शेखर गेल्यापासून टेबल बंदच हाय. चौथा माणूस न्हाई. दसऱ्याला शेवटचा डाव मांडतो, तिघातच. जिंकंल त्याच्याकडं डबा कायमचा."

डबा! सागवानी, आत दोनशे चकत्या. टूलरूममध्ये उरलेले नायलॉनचे तुकडे आणून यांनी एकेक कातून काढलेल्या. सहा वर्षं दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, पुनावळ्याच्या आमच्या याच हॉलमध्ये चौघं खेळायचे. पैसे कधीच नाहीत, फक्त चकत्या. दसऱ्याच्या डावात जो जिंकेल त्याच्या घरी डबा वर्षभर. गेल्या दसऱ्याला टूलरूमचे अण्णासाहेब जिंकले. फेब्रुवारीत हे गेले तेव्हाही डबा त्यांच्याकडेच होता.

मी म्हटलं, "चौथी मी."

"तुमाला येतं व्हय?"

"येईल."

फोन ठेवला आणि भूक लागली. किती महिन्यांनी!

शुक्रवार, २९ ऑगस्ट

यांची वही काढली. वरती "ओमाहा" (यांच्या पोकरचं नाव) असं लिहिलंय, खाली ठळक रेघ. क्वालिटीतला माणूस – रेघ पट्टीनंच मारणार.

एकदा मी म्हटलं होतं, मलाही शिकवा. हे हसून म्हणाले, "तू नको शिकूस." हसून म्हणाले, पण म्हणाले. त्यानंतर मी त्या टेबलाजवळ फक्त पाणी घेऊन गेले. आज वही उघडताना तेच आधी आठवलं. पण उघडली.

रविवार, ३१ ऑगस्ट

कळला! निदान नियम तरी. प्रत्येकाला चार पानं. मधे पाच पानं, सगळ्यांची मिळून – आधी तीन उघडतात, मग एक, मग एक. हात पाच पानांचाच – लागोपाठची पाच म्हणजे ओळ, एकाच चिन्हाची पाच म्हणजे रंग. पण हातातली दोनच घ्यायची आणि मधली तीनच. दोन म्हणजे दोन. एक नाही, तीन नाहीत.

आणि चकत्या लावताना मधे जितक्या जमल्यात त्याहून जास्त लावता येत नाहीत.

वहीत लिहिलंय – "चार एक्के हातात आले तर हुरळू नये. दोनच चालणार, उरलेले दोन आपणच अडवून बसलो." मी मोठ्यानं हसले. घरात माझा आवाज मलाच नवा वाटला.

मंगळवार, २ सप्टेंबर

तळवड्याला आमची कंपनीची बस पाऊण तास अडकली. सगळे कावलेले. मी मात्र मनातल्या मनात पानं वाटत होते. चाकणचं ट्रॅफिक आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं!

"वेढा" नावाचं पान आहे वहीत. मधे नव्वी, अठ्ठी आणि दुर्री. माझ्या हातात गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की. आता राणी आली तरी ओळ लागते. गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की, पंजी – काहीही येवो, लागते! बोटांवर मोजलं. न दिसलेली पंचेचाळीस पानं, त्यातली वीस माझी. वीस! अजून काही लागलेलं नसताना लोकांनी माझ्यापुढे घाबरायचं. शेजारची म्हणाली, "काय गं, कुणाचा मेसेज आला? हसतेयस."

गुरुवार, ४ सप्टेंबर

आले तिघं. अण्णासाहेब डबा घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "वहिनी, हा तुमचाच आहे. ठेवून घ्या. त्यासाठी खेळायला पाहिजे असं नाही."

"नको. यांनी असा घेतला नसता."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली. टूलरूमला तीस वर्षं काढलेला माणूस, फुकटचा शब्द नाही.

पहिला तास नीट गेला. मग मधे चार इस्पिकं आली आणि माझ्या हातात इस्पिकचा एक्का! सगळ्या चकत्या सारल्या. पानं टाकली. "रंग!"

जयदीपनं तोंड फिरवलं. वाकडला आयटीत आहे, यांना हा खेळ त्यानंच शिकवलेला, वयानं सगळ्यात लहान. अण्णासाहेब हळू म्हणाले, "हातातली दोन लागतात, वहिनी. दुसरं इस्पिक कुठंय?"

नव्हतं. वही पाठ, नियम पाठ – आणि एक्का दिसला की रमी आठवली!

सोपानराव म्हणाले, "जाऊ द्या. आमच्या शेखरनं बी पैल्या दिशी हेच केलं हुतं."

खरं की माझ्यासाठी, देव जाणे. पण फार बरं वाटलं.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जनाचे ढोल दिवसभर. आमच्याकडे यंदा गणपती नाही. शांतपणे बसून वहीतलं पान चौदा वाचलं आणि ताडकन उठले!

त्या एकट्या एक्क्याबद्दलच आहे. मधे तीन इस्पिकं असली आणि इस्पिकचा एक्का माझ्याकडे एकटाच असला, तर माझा रंग होत नाही. पण सगळ्यात मोठा रंग दुसऱ्या कुणाचाही होऊ शकत नाही! ज्याच्याकडे राजाचा रंग आहे तो घाबरणार – एक्का कुठंय? आणि तो कुठंय ते फक्त मला माहीत.

म्हणजे गुरुवारी हरले ते पान मुळात हत्यार होतं. मी ते काठीसारखं चालवलं, एवढंच.

मंगळवार, ९ सप्टेंबर

रिकाम्या हातावर चकत्या लावून थाप कितीदा मारायची? हिशोब यांचा, समजून घेतला मी, कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, टिफिनच्या झाकणावर खडूनं!

मधे तीस आहेत, मी तीस लावल्या. समोरच्याला साठ जिंकायला तीस टाकाव्या लागतात. म्हणून मी लावलेल्या तीन वेळांत दोनदा खरं आणि एकदा थाप असेल, तर त्यानं माझं पान बघितलं काय, सोडून दिलं काय – त्याला फायदा शून्य. त्यानं कितीही डोकं चालवू दे! यांनी आपले हात मोजलेत – पाचात दोन खरे, तीन रिकामे. खरे दोन्ही लावायचे, रिकाम्या तीनपैकी एकच.

पण खाली लिहिलंय – "तो एक कोणता, हे मी ठरवायचं नाही. मी ठरवलं की ते चेहऱ्यावर येतं. नग निवडणाऱ्याला नग माहीत नको. दुसऱ्याकडून ठरवून घ्यायचं."

कुणाकडून? लिहिलेलं नाही. पुढचं पान कोरं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मला सुचलं! हॉलमधलं घड्याळ. रिकामा हात आला की सेकंदकाटा बघायचा. पहिल्या वीस सेकंदांत असला तर थाप, नाहीतर पानं टाकून द्यायची. तीनपैकी एक – मी ठरवलंच नाही!

आज दोन थापा पचल्या. सोपानराव हातातली पानं आपटून म्हणाले, "आयला, वहिनी शेखरच्या वरताण निघाल्या राव!"

जयदीपला विचारलं, हे थाप मारताना कसे दिसायचे. "वहिनी, तेच तर. काही दिसायचंच नाही. मी टक्केवाऱ्या काढत बसायचो आणि ते आपले पाणी मागत बसायचे."

"तहान लई हुती बाबाला," सोपानराव म्हणाले. "मी म्हनलं हुतं, तुझ्या खुर्चीला मीटर बसवू का?"

सगळे हसले. मीही. खरंच होतं ते – "पाणी आण गं!" दर थोड्या वेळानं. मी कधी "आणते" म्हणायचे, कढईवर काही असलं तर "थांबा." आणि डाव संपल्यावर बघावं तर तांबे-पेले भरलेले तसेच. किती चिडायचे मी!

गुरुवार, १८ सप्टेंबर

फजिती. मोठी थाप लावली आणि अण्णासाहेबांनी शांतपणे चकत्या टाकल्या. हरले. वर म्हणाले, "वहिनी, तुम्ही लावायच्या आधी घड्याळाकडे बघता. वीसच्या आत काटा असला की पान रिकामं."

जयदीप खुर्चीतून उठला. "अण्णा, हे कधी पकडलंत?"

"गेल्या गुरुवारी. मायक्रॉन बघण्यात जन्म गेला माझा. घड्याळ तर केवढं मोठं आहे."

लाज वाटली. पण खरं सांगू? आनंदही झाला. ते मला वहिनी म्हणून खेळवत नाहीत. मला हरवायला बसलेत!

बुधवार, २४ सप्टेंबर

डोकं चालत नाही. नाणं उडवलं तर दिसेल. फोनवर बघितलं तर दिसेल. यांनी सहा वर्षं कुणाकडून ठरवून घेतलं? टेबलावर चारच माणसं. एकदाही कुणाला दिसलं नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज थाप मारलीच नाही. बरोबरीत राहिले. पण सगळ्यांना कळलं की मी मारत नाहीये. मी लावलं की तिघंही पानं टाकतात. खऱ्या हाताला कुणी चकत्या देईना! थाप नसली तर खरं पण विकलं जात नाही – हे वहीत नाही. हे माझं.

बुधवार, १ ऑक्टोबर

कंपनीत खंडेनवमी. मशीनला हार, पेढे, अर्धा दिवस. यांच्या मशीनपाशी कुणीतरी आठवणीनं झेंडूचं एक फूल वेगळं ठेवलं होतं. थांबले नाही तिथं. घरी येऊन हॉलमधलं घड्याळ काढून ठेवलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

हात अजून गरम आहेत. लिहिते क्रमानं.

दाराला तोरण नव्हतं. सोपानरावांनी तरी आपट्याची पानं आणली. "सोनं घ्या वहिनी. शेखरच्या वाटचं बी तुमीच घ्या." दुहेरी सोनं घेतलं. अण्णासाहेबांनी भिंतीवरचा रिकामा खिळा बघितला आणि मिशीत हसले.

पन्नास-पन्नास चकत्या. सोपानराव तासात संपले – "मला काय, जमीन हाय, डबा घिऊन काय करू!" मग जयदीप. राहिलो अण्णासाहेब आणि मी.

तो डाव. माझ्याकडे इस्पिकचा एक्का, बदामची राणी, बदामचा गुलाम, चौकटची नव्वी. मधे इस्पिकची दश्शी, इस्पिकची चौकी, किलवरची अठ्ठी. वेढा! तेरा पानं माझी. मग आली बदामची दुर्री – काही नाही. मग शेवटचं पान. इस्पिकची तिर्री.

ओळ गेली. हातात काहीच नाही. पण मधे तीन इस्पिकं, आणि एक्का माझ्याकडे. एकटा.

मधे चौतीस चकत्या. लावावं का? घड्याळ नाही. कुणाला विचारू? स्वयंपाकघराकडे बघितलं – तिथं कोण असणार! मग मीच ठरवलं. वहीच्या विरुद्ध. चौतीस मोजल्या आणि सारल्या.

अण्णासाहेबांनी वर बघितलं. सरळ चेहऱ्याकडे. किती वेळ! मी पण बघत राहिले. फेब्रुवारीपासून माझ्या चेहऱ्यावर लोक एकच गोष्ट वाचतात. त्यांनीही तीच वाचली असेल. पान कुठून दिसणार तिथं?

त्यांनी पानं पालथी टाकली.

पुढच्या दोन डावांत मला खरी पानं आली. त्यांनी दोन्ही वेळा चकत्या टाकल्या, कारण आता त्यांना बघायचंच होतं. संपलं! जयदीपनं टेबलावर हात आपटला. सोपानराव शिट्टी वाजवतात हे मला माहीतच नव्हतं!

डबा घरी आहे. शेल्फावर, यांच्या जागी.

पण एक टोचतंय. त्यांनी दया तर नाही केली?

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

शिफ्ट सुटायच्या आत अण्णासाहेबांचा फोन! "वहिनी, त्या डावात माझा राजाचा रंग होता. राजा आणि सत्ती. सकाळपासून एक काम सुचलं नाही. एक्का होता ना? आणि जोडीला इस्पिक?"

दया नव्हती! राजाचा रंग टाकला त्यांनी!

मी म्हटलं, "अण्णासाहेब, पान बघायला चकत्या टाकाव्या लागतात."

इतके हसले, इतके हसले. मग म्हणाले, "टेबल बंद करायचं कारण उरलं नाही. पुढच्या गुरुवारी येतो. आणि शेखरची ती वही एकदा वाचायला द्या."

देते म्हटलं. एक्क्याचं पान सोडून, असं मनात म्हटलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

वही द्यायची म्हणून खाकी कव्हर घालायला घेतली. जुनं प्लास्टिक काढलं तर आतून घडी केलेला कागद पडला. कंपनीचा तपासणी तक्ता, यांचं अक्षर.

"रिकामा हात – थाप मारायची का? पाणी मागायचं. 'आणते' म्हणाली तर पानं टाकायची. 'थांबा' म्हणाली तर थाप. (खरा हात असला तरी पाणी मागायचं, नाहीतर अण्णा ओळखेल.)"

खाली सहा वर्षांच्या उभ्या रेघा, पाच-पाचाचे गठ्ठे. आणते – ३६९. थांबा – १८३.

तळाशी – "बरोबर तीनपैकी एक! हे कुठल्या मशीनला जमणार नाही. हिला खेळ शिकवायचा नाही. कळलं तर बिघडेल."

आणि मला वाटायचं, यांना तहान लागते.