स्टिअरिंगवरचं बोट

९ जानेवारी

भर हिवाळ्यात, पाऊस आडवा मारत असताना, या किनाऱ्यावर कुणी मुद्दाम का यावं? मुलाखतीत गावसमितीने मला हेच विचारलं होतं. काहीतरी थातुरमातुर सांगितलं. तरी नोकरी मिळाली! डोनेगल परगण्याच्या या टोकावर दोन दिवसांची हिवाळी मोटारसहल आखायची, म्हणजे उन्हाळ्यापुरती जागी होणारी या कॅरिकदूसारखी गावं वर्षभर जागी राहतील. बाबा आयुष्यभर दलदलीतली जळाऊ माती कापत आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. शिकलेलं कुणाच्या तरी कामी यावं, एवढीच इच्छा.

मिसेस मॅकगिंटींकडे खोली घेतली आहे. विधवा, एकट्या, बोलक्या. आल्या आल्या चहा, गरम सोडा ब्रेड आणि उलटतपासणी: लग्न ठरलंय का, रविवारी प्रार्थनेला जातेस ना, आणि पोरी, इतकी वाळलेली का गं तू? धाकटी बहीण दर्वला पंचवीस तारखेला येणार. दोघी मिळून सहल चालवून बघू. फोनवर म्हणाली, पदवीधरबाई, रस्ते तुम्ही आखा, मासे आम्ही खातो.

१२ जानेवारी

आज कड्यावरचा रस्ता पाहिला. जेमतेम एका गाडीपुरता, मधोमध गवत वाढलेलं, खाली समुद्र फुटतोय आणि काचेवर खारे शिंतोडे. सहलीचा कळस हाच! अख्ख्या रस्त्यावर एकही गाडी नाही. फक्त टोकाकडून एक माणूस चालत आला. लांब काळा कोट, निथळत होता. त्याने एक बोट वर केलं. मीही स्टिअरिंगवरून बोट उचललं. आमच्याकडे समोरच्याला असं बोट उचलून ओळख न दाखवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. बाबा तर गाईंनाही दाखवतात.

संध्याकाळी पबमध्ये समितीचे अध्यक्ष फर्गल बॉइल यांनी विचारलं, वाटेत कुणी भेटलं का. सांगितलं. ओळख दाखवलीस? म्हटलं, दाखवली की. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग फर्गल मोठ्याने हसले आणि म्हणाले, बघा, पोरगी वळणाची आहे, हिला प्यायला द्या रे माझ्याकडून! कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने हळूच छातीवर क्रूस काढला.

१५ जानेवारी

मिसेस मॅकगिंटीच म्हणाल्या होत्या की कड्यावरून कुणी जात नाही, सगळे डोंगरामागून वळसा घालतात. मग आज तिथे एवढ्या गाड्या कशा? दुधाची गाडी, शाळेची बस, खुद्द फर्गलही. सगळे मला हसून बोट दाखवतात. रस्ता नुकताच मोकळा झाल्यासारखे खूश. फर्गलना विचारलं तर म्हणाले, अगं, रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे?

बाकीच्या गाड्या मधेच गावाकडे आत वळतात, मी सरळ टोकापर्यंत गाडी नेली. रस्ता तिथे तुटलाय. समुद्राने पूर्वीच कधी तरी खाल्लेला. घर नाही, पायवाट नाही, होडी लागेल अशी जागाही नाही.

मग तो माणूस आला कुठून?

१८ जानेवारी

तो आज आरशात दिसला. माझ्या मागे, चालत. मी वेग वाढवला. पुढच्या वळणावर तो समोर उभा. बोट वर.

हे लोक माझी थट्टा करतायत. नव्या मुलीला घाबरवायचं, सहल बंद पाडायची. दुकानात पाव देताना दुकानदारीण म्हणाली, देव तुझं भलं करो, बाळ, आमच्यासाठी फार केलंस. मी अजून काहीच केलेलं नाही.

२१ जानेवारी

तो आमच्या फाटकाशी उभा होता. दिवसाढवळ्या, कोरड्या उन्हात. कोट तसाच निथळता. मिसेस मॅकगिंटींनी खिडकीकडे न बघता पडदा ओढला. म्हणजे यांना दिसतो. म्हणजे थट्टा नाही.

मी त्यांचा हात धरला. सोडलाच नाही. तेव्हा बोलल्या. त्याला फक्त कुणी तरी गाडीत घ्यावं लागतं. ज्याने ओळख दाखवली, त्याच्याच मागे लागतो. मग बाकीच्यांना रस्ता मोकळा. मी विचारलं, आणि त्याने घेतलं नाही तर? तर त्याच्या रक्ताच्या माणसाकडे जातो, पोरी. माझ्या नवऱ्याने, पॅकीने, बोट उचललं आणि महिनाभर तोंड लपवून बसला. मग तो कोटवाला आमच्या मुलाच्या वाटेवर दिसायला लागला. त्या दिवशी पॅकी चहा अर्धा टाकून उठला आणि गाडी काढली, तो परत आलाच नाही.

मला आधी का नाही सांगितलंत, म्हणून ओरडले. त्या रडत म्हणाल्या, फर्गलने नको म्हटलं. बाहेरचं कुणी असलं तर गावातल्या कुणाला जावं लागत नाही.

म्हणजे मला नोकरी मिळाली ती —

२३ जानेवारी

विश्वास ठेवत नाही. ठेवणार नाही. मी शिकलेली आहे.

तरी दर्वलाला फोन केला, येऊ नकोस. ती म्हणाली, कोणी मुलगा लपवून ठेवलायस का गं?

आज तो कुठेच नाही. फाटकाशी नाही, रस्त्यावर नाही. बरं वाटायला हवं होतं —

२५ जानेवारी, सकाळ

दर्वलाचा फोन. न ऐकता निघालीच. स्लायगो शहराच्या पुढे आली आहे. हसत सांगत होती, अगं, इकडे स्वच्छ ऊन आणि एक माणूस भिजलेल्या कोटात चालतोय, बोट वर करून. पुढे गेले तर परत तोच! तुमच्याकडचाच असणार. बिचारा. आता दिसला तर घेते त्याला —

ओरडले. घेऊ नकोस, थांब, आहेस तिथे थांब. आवाज तुटला. पुन्हा लावला. लागत नाही. लागत नाही —

मिसेस मॅकगिंटी दारात आडव्या उभ्या. नको, पोरी. फर्गलही फाटकाशी आलेत. बाजूला झाले.

दुपार, कड्यावर

इंजिन चालू आहे. तो टोकाकडून आला. मी हाक मारली. म्हटलं, तिला सोड, मी नेते. वाकून आत बघितलं त्याने.

दर्वलाचा निरोप आला. कुणी नाही आता वाटेत, गेला कुठे कोण जाणे, तू बरी आहेस ना?

बरी आहे, असं लिहून पाठवलं.

मी डावीकडचं दार उघडलं. तो बसला आहे. तुटलेल्या टोकाकडे बोट दाखवतोय. कोटाचं पाणी या पानावर