लीलाबाईच्या नावाचा भरणा

६ नोव्हेंबर २०१७, सोमवार
माझं लाईट बिल कोणीतरी भरून टाकलं!

मी माझं बिल भरतो ते खिडकीच्या बाहेरून, रांगेत उभा राहून. कॅशियर झालो म्हणून आतल्या आत पावती फाडून घ्यायची, हे मला पटत नाही. तेवढा वेळ अकाउंट्सच्या आरिफा मॅडम माझ्या खुर्चीवर बसतात. आज त्यांनी क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, "घनश्यामभाऊ, हे तं भरलेलं दाखवते. ऑनलाइन." मागचे लोक हसले. वीज ऑफिसचा कॅशियर, आणि स्वतःच्या बिलाचा पत्ता नाही!

मीटर अजून बायकोच्या, लीलाच्याच नावावर आहे. ती गेल्यावर बदलायचं मनात आलं नाही. स्क्रीनवर लिहून आलं — लीलाबाई, भरणा प्राप्त. थोडा वेळ मला पुढचं काही वाचता येईना.

७ नोव्हेंबर
चूकच आहे. मोबाइलवर भरताना कोणाचा तरी एक आकडा चुकला. क्रमांक टाकला की रक्कम आपोआप येते, वर नाव कोणाचं आहे ते कोण वाचतं! पण मग त्या माणसाचं बिल तसंच राहिलं की. उद्या लाईनमन जाऊन त्याची वायर काढेल. आणि तो बिचारा सांगत बसेल — भरलं, भरलं.

आमच्या यादीत भरणाऱ्याचं नाव येतच नाही. फक्त ग्राहकाचं.

१४ नोव्हेंबर
दुपारभर खिडकीवर कोणी नाही. नोटाबंदीनंतर कार्डाची मशीन आली तेव्हा केवढी धांदल होती! रेंज मिळावी म्हणून मी ती गजांतून बाहेर धरायचो, आणि लोक आपला नंबर हाताआड लपवून दाबायचे. आता कार्डवालेही मोबाइलवर गेले.

शब्बीर आला. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं, अजून रोखीनंच भरतो. म्हणाला, "सारे फोनवरच भरून राह्यले भाऊ, तुमी कायले बसता इथं?"
"तुझी वाट पाहतो."
तो हसला. मी खरंच वाट पाहत होतो.

५ डिसेंबर
पुन्हा भरलेलं!! म्हणजे मोबाइलमध्ये चुकीचा क्रमांक कायमचा सेव्ह झाला. आता दर महिन्याला हेच होणार. आणि तक्रार घेऊन कोणी येत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

१० डिसेंबर, रविवार
बोरी अरबला जाऊन आलो. इंदूबाई म्हणून एक ग्राहक आहेत, त्यांचा क्रमांक माझ्यापेक्षा एकाच आकड्यानं वेगळा. वाटलं, त्याच असणार. त्यांच्या घरी बल्ब चालू! "म्या तं खिडकीवरच भरलं," म्हणाल्या. "तुमीच तं घेता पैसे! वळखलं नाही काय?" मी खरंच ओळखलं नव्हतं. खिडकीतून मला हात आणि नोटाच दिसतात.

चहा दिला. कापसाची बोंडं फोडून दाखवली, आत गुलाबी अळी. त्यांचं बोलणं संपेना, मलाही उठावंसं वाटेना. शेवटची बस गाठली.

२४ डिसेंबर
वैष्णवीचा वाढदिवस. फोन केला नाही. तीच म्हणाली होती ना, करू नका म्हणून. आईच्या तेराव्यालाच म्हणाली, सगळ्यांसमोर. "आई दवाखान्यात होती, आन् तुमी मार्चअखेर म्हणून खिडकीवर बसले होते." तेव्हापासून ती पुण्याला आणि मी इथं. पोरगी शब्दाची पक्की आहे. कोणावर गेली काय माहीत.

शिरा केला होता. एकट्यापुरता शिरा करता येत नाही. उरलाच.

४ जानेवारी २०१८
तिसऱ्यांदा! आता पुरे. अर्ज लिहिला: सदर भरणा माझा नाही, चुकीच्या क्रमांकावर जमा झाला आहे, तरी तिन्ही महिन्यांची रक्कम मूळ खात्यात परत करावी. तिन्ही बिलं मी रोखीनं भरायला तयार आहे.

आरिफा मॅडम वैतागल्या. "राहू द्या ना भाऊ! फुकट बिल भरून राह्यलं कोणी, तं तुमाले काहून तरास?"
"त्या घरी अंधार असला तर?"
"अंधार असता तं माणूस आतापर्यंत आला नसता का भांडाले?"
तरी अर्ज दिला.

१९ जानेवारी
साहेब म्हणाले, कायले एवढं मनावर घेता? मी रोज त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहतो. दुसरं कामही कुठं आहे!

२५ जानेवारी
सही झाली.

५ फेब्रुवारी, सोमवार
पैसे आज परत गेले, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. मी रांगेत उभा राहून तिन्ही बिलं भरली. रांग कसली, मी एकटाच होतो. आरिफा मॅडमनी पावत्या दिल्या आणि मान हलवली.

बरं वाटलं. किती दिवसांनी! संध्याकाळी भाजीत मीठ नीट पडलं. कोणाचे होते ते कळलं नाही, पण ज्याचं त्याला मिळालं. आपल्या हातून कोणाचं नुकसान झालं नाही, यापेक्षा जास्त माझ्यासारख्यानं काय करायचं.

८ फेब्रुवारी
सकाळी मेसेज आला.

"बाबा, आईच्या मीटरचं बिल मी भरत होते. फोन करायची हिंमत होत नव्हती, वाटलं यावरून तुम्हाला कळेल. पैसे तुम्ही अर्ज करून परत पाठवले, तसा मेसेज आला. समजलं मला. आता नाही भरणार. — वैष्णवी"

फोन लावला. उचलत नाही. पुण्याची गाडी यवतमाळहून आहे. निघालो. ऑफिसात कळवलेलं नाही.