जागेवर एकशे चाळीस किलोमीटर

४ जून, सकाळी ६.५५
बायको आत्ताच वरच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून हॉस्पिटलला गेली. ती तिथे नर्स आहे. वरचा म्हणजे आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारा, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याचे काम हॉस्पिटलच्या वाटेवरच असते. बसने तिला उशीर होतो, आणि तीन वेळा उशीर झाला की एक रजा कापतात. कारण पटण्यासारखे आहे. म्हणूनच त्रास होतो.
म्हणजे त्रास नाही. मी मत्सरी माणूस नाही. गॅलरीत मी दात घासायला उभा होतो.
निश्चय : महिन्याभरात मोटरसायकल शिकणे. कारण, मोकळी हवा.

५ जून
शेठची जुनी मोटरसायकल दुकानामागे पडून होती. ती मागितली. मी त्यांच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. शेठ म्हणाले, अरे, तू सायकलवरसुद्धा वळायच्या आधी खाली उतरतोस! हे खरे आहे, पण ती शिस्त आहे. शिवाय मी काचेत अर्ध्या मिलिमीटरची चूक करत नाही. जो अर्धा मिलिमीटर सांभाळतो, त्याला दोन चाके जड नाहीत, असे उत्तर मला घरी आल्यावर सुचले.
गाडी ढकलत आणली. अडीच तास.

६ जून
बायको म्हणाली, अहो, शिकवायला भाऊजी आहेत की. भाऊजी म्हणजे वरचा. मी म्हणालो, मला कोणाची गरज नाही. शाळा नववीत सुटली, पण वाचून समजते. वहीत क्लच, ब्रेक, गिअर यांचा क्रम सुवाच्य अक्षरात लिहिला. पाठही केला. बायकोने तो माझ्याकडून म्हणवून घेतला. दोन चुका निघाल्या, दोन्ही तिच्या ऐकण्यातल्या.

९ जून, संध्याकाळ
आज गाडी चालवली! मधल्या स्टँडवर उभी करून. मागचे चाक हवेत फिरते, पुढचे जमिनीवर राहते, आणि पडण्याचा प्रश्नच येत नाही. लोक हे का करत नाहीत, कळत नाही. तिसऱ्या गिअरपर्यंत गेलो. अंतराचा काटा हलला नाही, कारण तो पुढच्या चाकावर चालतो. म्हणून अंतर मी वेळेवरून काढतो. आज : बावीस किलोमीटर.

११ जून, सकाळी ६.५२
ती आज वरच्याच्या मागे बसताना हसली. काय विनोद झाला ते विचारले. म्हणाली, काही नाही हो, कुणाची तरी लिफ्ट अडकली होती. यात हसण्यासारखे काय आहे? एक माणूस आत अडकलेला असतो.
वरचा मला 'दादा' म्हणतो. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

१५ जून
एकूण एकशे चाळीस किलोमीटर. हात बसला आहे. उजवा आरसा फाटकाच्या दिशेला लावून घेतला. सुरक्षितता.
वरचा येऊन म्हणाला, दादा, स्टँडवरून उतरवा तिला एकदा, नाहीतर म्हातारपणी उतराल. बायकोसमोर म्हणाला. रस्त्यावर उतरायचा दिवस मीच ठरवीन, असे मी शांतपणे सांगितले. हात थरथरत होते, पण ते इंजिनमुळे.
इंजिन बंद होते, असे बायको म्हणते.

१७ जून, रात्री ८
जे झाले ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी काही म्हणायला नको.
संध्याकाळी मी स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये. वरचा समोर येऊन उभा राहिला आणि गॅलरीकडे बघून ओरडला, वहिनी, दादा घाट चढतायत, चहा टाका! ती हसली. किती हसली ते पाहायला मी पुढे झुकलो. स्टँड निसटले. मागचे चाक जमिनीला लागले. गाडी गेली. वरच्याच्या डाव्या पावलावरून गेली आणि पाण्याच्या टाकीला लागून थांबली.
मी मुद्दाम केले नाही.
पावलाची दोन हाडे मोडली. मला खरोखर वाईट वाटले. जेवण गेले नाही. मग एकदम लक्षात आले, की उद्यापासून वरचा मोटरसायकल चालवणार नाही. मग थोडे गेले.

१८ जून
वरच्याच्या पायात तारा घातल्या. आठेक दिवस हॉस्पिटलमध्येच. बायको या महिन्यात हाडांच्या वॉर्डात आहे, हे मला आज समजले. आधी ती त्याच्यासोबत अठरा मिनिटे असायची. आता आठ तास. त्यात तो पाठमोरा असायचा, आता समोरासमोर.
माझ्यासारखा मूर्ख मीच.

१९ जून
माणुसकी म्हणून भेटायला गेलो. वॉर्डात पाऊल टाकताच वरचा ओरडला, हेच ते दादा! सगळा वॉर्ड उठून बसला, ज्यांना बसता येत होते ते. पाय टांगून ठेवलेला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, पाय आत घे रे बाबा. बायको औषधांचा ट्रे घेऊन तोंड फिरवून उभी होती. खांदे हलत होते.
तिने त्याची उशी दोनदा सारखी केली. माझी उशी वर्षभर एका बाजूला कललेली आहे.

२१ जून
भेटायच्या वेळी पूर्ण तासभर बसलो. काही बोलायचे म्हणून विचारले, क्लच नेमका किती सोडायचा. वरच्याने मला खाटेच्या पायाकडची लोखंडी दांडी धरायला लावली. डावा हात सोडा, अजून सोडा, आता थांबा, इथेच गाडी उचलते. मग अख्खा वॉर्ड रहदारी झाला. म्हातारा ट्रक. पलीकडचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी वळलो, तेव्हा रिक्षावाला म्हणाला, दादा, खाली न उतरता वळलात!
शेठने ही गोष्ट कोणाकोणाला सांगितली आहे, ते बघितले पाहिजे.
(या प्रकाराचा काही उपयोग झाला, असे मी म्हणणार नाही.)

२३ जून
पहाटे मैदानावर गेलो. गाडी स्टँडवर नव्हती. शंभर मीटर. काटा हलला.
निश्चय : वरच्याला सांगायचे नाही. बायकोला सांगितले. तिने वॉर्डात सांगितले.

२५ जून
लायसन्सची परीक्षा. शिकाऊ लायसन्स तीन महिन्यांपूर्वीच काढले होते, ओळखपत्र म्हणून. आठचा आकडा काढायचा, पाय न टेकता. तपासणारे साहेब म्हणाले, मी आठ मागितला होता, तुम्ही तीन काढलात. परत काढा. दुसऱ्या वेळी आठ आला. पाय टेकला नाही, बोटे टेकली. साहेबांनी आभाळाकडे बघून सही केली.
पास!! उद्यापासून बायको माझ्या मागे.

२६ जून, रात्री ९
सकाळी ६.४० ला निघालो. ती मागे बसली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यातली सर्वांत चांगली मिनिटे, एकूण एकेचाळीस. प्रत्येक चौकात मी तिन्ही बाजू दोनदा पाहिल्या. आम्हाला दोन बस आणि एक हातगाडी मागे टाकून गेली. वाटेत ती एकदाच बोलली : अहो, जरा जोरात. तिला उशीर झाला. महिन्यातला तिसरा. रजा कापली.
संध्याकाळी न्यायला गेलो. ती दारातून आली, बरोबर कुबड्या घेतलेला वरचा. त्याला आजच डिस्चार्ज मिळाला होता. ती म्हणाली, अहो, यांचा पाय बसच्या पायरीवर चढणार नाही, तुम्ही यांना न्या, मी बसने येते. नाही म्हणणार कसे? पाय कोणी मोडला?
तेव्हा माझ्या मागे वरचा बसला. खांद्यावर हात ठेवला. कुबड्या माझ्या मानेला लागत होत्या. मी सहज विचारले, रोज अठरा मिनिटे वाटेत बोलायचात काय? तो म्हणाला, वहिनी? एकच वाक्य, दादा. हळू चालवा, माझी घरी वाट बघणारा माणूस आहे.
डोळ्यांत धूळ गेली होती. गाडी बंद पडली, चौथ्या खेपेला चालू झाली. त्या वाक्याचा बराच वेळ विचार केला. एकूण मला आनंद झाला आहे, असे वाटते.
घरी पोहोचलो तेव्हा बायकोचा चहा पिऊन झाला होता. चेहरा अगदी ताजा. म्हणाली, आज बस किती छान मिळाली हो, गर्दी होती, पण कंडक्टरने उठून स्वतःची जागा दिली. ओळखीचे आहेत ना ते.
कंडक्टर.
उद्या चौकशी करणे : बस चालवायला शिकायला किती दिवस लागतात.