आकांक्षाचा गुडघा

पुणे, मंगळवार

सुरेखा,

आईला माझा नमस्कार सांग. मी अन् आकांक्षा बरे आहोत. फोनवर बोललो तर तोंडातून शिव्या निघतील अन् पोरगी ऐकंल, म्हणून हे लिहून गावाकडं निघालेल्या बबलूच्या हाती देऊन राह्यलो.

कॅन्सर न्हाई. आधी हे आईला सांग. गुडघ्याच्या वर मांसात रक्ताच्या नसांचा गुंता होऊन गाठ झालीय, बहुतेक जन्मापासूनची. क्वचितच कुणाला होते. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "पळाल्यावर त्यात रक्त भरतं, मंग ठणकतं. चोळू तर बिलकुल नका."

अन् तुझा भाऊ दोन वर्षं काय करून राह्यल्ता? कबड्डीचा सर म्हणून मिरवतो अन् सख्ख्या भाचीला सगळ्या पोरींसमोर नाटकी म्हणतो! सुजल्या गुडघ्याला तेल चोळून तिला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या त्यानं. राधेश्यामला इकडं पाठवू नको. आला तर दारातूनच हाकलीन.

राग मला माझाही येतो. दिवाळीत कापूस वेचताना ती मधेच बसली, तर मी तिला चापट मारल्ती. रडली न्हाई. उठून पुन्हा वेचायला लागली.

ऑपरेशन गुरुवारी आहे. रक्ताच्या दोन बाटल्या सांगितल्यात, त्या नुसत्या जवळ असाव्यात म्हणून. तू जेवत जा. म्हैस व्याली का?

मामाला काही निरोप द्यायचा का, म्हणून आत्ता तिला विचारलं. म्हणली, "बाबा, त्यांना फक्त फोटो दाखवा."

एमआरआयच्या फोटोची प्रत सोबत आहे. तू स्वतः त्याच्या हातात दे, अन् तो नीट बघेपर्यंत तिथून हलू नको.

तुझा,
धर्मराज