आल्ताराच्या दिव्याला कोणी वायर जोडू नये

मी, कार्मेल कॉस्मास मिनेझिस, धंदा मासळीविक्री (गुडघ्यांमुळे बंद), राहणार खाडीकडची आळी, ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी बोंबलाचा भाव करून बघावा.

१. माझ्या मालकांनी या जुन्या घरात वीज घेतली ती एका दिव्यापुरती, आल्तारातल्या येशूपुढे. पुढे जो तो त्याच वायरीला वायर पिळत गेला. पंखा तिथून, फ्रिज तिथून, गिल्बर्टची माडीसुद्धा तिथूनच. आता रोझरी म्हणताना येशूचा दिवा मंद झाला की समजायचं, सूनबाईने इस्त्री लावली.

२. घर माझ्या दोन मुलांना. खालचं झेवियरला, माडी गिल्बर्टला. पण अट आहे.

गिल्बर्ट वागळे इस्टेटला ऑफिसात बसतो, म्हणून स्वतःला इंजिनियर समजतो. फ्यूज सारखा उडायचा, तर याने त्यात जाड तार घातली. म्हणाला, "आय, आता बघ, कधीच उडणार नाही." अरे, तो आपल्याला सांगायला उडत होता! आता फ्यूज गप्प आहे आणि आल्तारामागची भिंत भाकरीच्या तव्यासारखी लागते. त्याच भिंतीला डोकं करून माझी नात, झेवियरची एमा, झोपते. परवा तिथून रबर जळल्याचा वास आला. तिची आई, आमची सूनबाई, म्हणाली, "उंदीर मेला असेल." बाई, मी जन्मभर वास घेऊन माल उचललाय.

३. म्हणून जुन्या वायरीला एक वीतभर तुकडाही जोडायचा नाही. लायसनवाल्या वायरमनकडून मीटरपासून नवी लाईन घ्यावी, अर्थिंगसकट. फ्रिज-इस्त्रीची लाईन वेगळी. चिकटपट्टी गिल्बर्टच्या हाती देऊ नये. खर्चाला माझ्या बांगड्या मोडाव्यात. सूनबाई त्यांच्याकडे बघूनच माझ्याशी गोड बोलते. वर्षभरात हे झालं नाही तर सगळं घर एमाचं.

४. मासळी कापायचा कोयता शेजारच्या तुळसाला द्यायचा होता. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून तो तिला सकाळीच देऊन टाकला.

५. मी मेले की झेवियर म्हणेल, कुवेतला असलेली आपली माणसं येईपर्यंत थांबू. मग मला ठेवायला शीतपेटी येईल आणि गिल्बर्ट तिची वायर घेऊन सरळ आल्ताराकडे जाईल. मीच जन्म दिलाय त्याला. तोवर नवी लाईन नसेल तर पेटी उंबऱ्याबाहेर. बाजारातून बर्फाच्या लाद्या आणा. मी पापलेटं तशीच ठेवून ताजी म्हणून विकली, कुवेतवाल्यांनाही फरक कळणार नाही.

६. पण एमाने माझ्या मरणाची वाट बघत त्या भिंतीशी का झोपावं? म्हणून मेन बंद करून फ्यूज काढला आणि माझ्या बटव्यात घातला आहे. हे कलम कंदिलावर लिहिते. माडीवरून गिल्बर्ट ओरडतोय, "आय, लाईट गेली!" वायरमन दारात दिसला की येईल.

सही: कार्मेल कॉस्मास मिनेझिस

साक्षीदार, दोघांसमक्ष सही झाली:
तुळसा भिवा कोळी (डाव्या हाताचा अंगठा)
दौलत सहदेव ठाकूर (सही)

ठाणे, ता. ९ फेब्रुवारी २००३