पेलिन्चाक कुठून आले

२९ मार्च २०२०, उइटहॉर्न, नेदरलँड्स

जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालंय. स्लोटरडाइकच्या त्या काचेच्या इमारतीला शिव्या घालायचे, आता तिथल्या पाणचट कॉफीचीही आठवण येते. नवरोबा नि. वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, लेक ईरा जिन्यात बसून शाळा करते. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते. चाललंय.

दुपारी मागच्या बागेत कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडून शेजारच्या आजोबांनी हाक मारली. इतकी वर्षं फक्त ‘दाग’, म्हणजे इथला नमस्कार, आणि हात वर करणं, एवढीच ओळख. आन्ते त्यांचं नाव. तरुणपणी युगोस्लाव्हियातून, म्हणजे आताच्या क्रोएशियातून, जहाजाच्या कारखान्यात वेल्डर म्हणून आले, इथेच लग्न केलं. बायको रिया गेली तेव्हापासून एकटेच.

“तू कॉम्प्युटरवाली ना? एक माणूस शोधून दे.”

कोण, विचारलं.

“माझ्या आडनावाचा कुणीही.”

५ एप्रिल

कुंपणाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. माझा लॅपटॉप माझ्याकडच्या स्टुलावर, स्क्रीन त्यांच्याकडे. आवाज दोघांनाही चढवावा लागतो. त्यांचं डच बोलकं, माझं परीक्षेपुरतं. अडलं की इंग्रजी.

आडनाव पेलिन्चाक. इकडे कुणालाच नीट म्हणता येत नाही. रोमन लिपीतल्या c वरची ती छोटी टोपी छापताना गळते, मग पोस्टमनपासून हाउसआर्ट्सपर्यंत, म्हणजे फॅमिली डॉक्टरपर्यंत, सगळे ‘पेलिन्काक’ म्हणतात. आणि डचमध्ये ‘काक’ म्हणजे शी. ईराला सांगितलं तर लोळून हसली. ते हसले नाहीत. म्हणाले, “माझी मुलगी शाळेतून रडत यायची.”

मुलगी मिर्याना, ग्रोनिंगनला असते, फिजिओथेरपिस्ट. नवरा येरून, डच. तिला दिवस गेलेत का विचारावंसं वाटलं, नाहीतर आत्ताच आडनाव शोधायची एवढी घाई कसली? विचारलं नाही.

१९ एप्रिल

क्रोएशियाची टेलिफोन डिरेक्टरी ऑनलाइन आहे. पेलिन्चाक अगदी मोजके. एक स्प्लिट शहरात, बाकी सगळे डोंगराच्या आतल्या एका लहान गावात. आडनावं कुठे-कुठे आहेत ते नकाशावर दाखवणारी साइट सापडली. ‘जोशी’ टाकलं तर सगळा महाराष्ट्र लालबुंद. ‘पेलिन्चाक’ टाकलं तर एवढासा ठिपका, आणि एक अर्जेंटिनात.

आन्ते त्या ठिपक्याकडे खूप वेळ बघत होते. त्यांचं मूळ गाव धरणात गेलं. लोकांना वर डोंगरावर हलवलं, ते हेच नवं गाव. ते तेव्हा शाळेत होते. पाणी चढताना चर्चच्या घंटेचा दोर कुणीतरी कापून घेतला, एवढंच आठवतं म्हणाले.

१० मे

आडनाव कुठून आलं ते त्यांना माहीत आहे, किंवा आहे असं वाटतं. पेलिन ही कडू वनस्पती. त्यांच्या वडलांची गोष्ट अशी: पूर्वजांच्या टेकडीवर पेलिन माजायचं, घरातल्या बायका ते दारूत घालून पोटदुखीचं औषध करायच्या, लांबून लोक यायचे. म्हणून पेलिन्चाक. औषधवाले.

कुंडीतली एक फांदी कुंपणावरून दिली. चुरडून वास घेतला आणि चमकलेच. दवणा! अगदी दवणा नाही, पण त्याचा चुलतभाऊ नक्की. संध्याकाळी बाबांना पुण्याला फोन लावून सांगितलं. ते म्हणाले, “आपण वेळणेकर, पण वेळणे कुठे आहे ते मी जन्मात पाहिलं नाही. त्यांना टेकडी तरी ठाऊक आहे.”

१४ जून

शेवटी सांगितलं. मिर्यानाला कधीपासून बाळ हवं होतं, आता होणार आहे. अजून कुणाला सांगायचं नाही.

इथे मुलाला आईचं आडनाव देता येतं. दोघांनी मिळून खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन तसं सांगायचं. नाही सांगितलं तर नवऱ्याचं लागतं. म्हणजे होफस्ट्रा. आणि पहिल्या मुलाला जे लागलं तेच पुढच्यांनाही.

“तुम्ही तिला विचारा ना.”

“मी मागणार नाही. ज्या नावापायी ती रडली, तेच बाळाला दे म्हणू? नुसतं नाव कोण घेतो? गोष्ट असेल तर घेतात. गोष्ट पक्की झाली की मी फक्त सांगेन. पुढे तिची मर्जी.”

२१ जून

आज म्हणाले, “पुरे झालं. पेलिन म्हणजे पेलिन. टेकडी, औषध, छान गोष्ट आहे. आता शोधू नकोस.”

मी म्हटलं, त्या गावातल्या एकाशी तरी बोलू या. वडलांच्या तोंडची गोष्ट, तिला दुसरीकडून दुजोरा नको? माझं कामच ते. सॉफ्टवेअर टेस्टर. सगळं हिरवं दिसत असलं तरी मला एक केस जास्तीची चालवून बघायची असते. नि. म्हणाला, “त्यांनी नको म्हटलंय ना?” मी म्हटलं, संकोचाने म्हणताहेत.

फेसबुकवर त्या आडनावाच्या सगळ्यांना मेसेज टाकले.

३० ऑगस्ट

उत्तर आलं! दोरा नावाची मुलगी, इंग्रजी चांगलं. तिची आजी लुत्से पेलिन्चाक, गावात शाळा चालवायची, वय झालंय पण सगळ्यांची घराणी तोंडपाठ. व्हिडिओवर बोलायला तयार आहे.

आन्तेंना सांगितलं. दाढी करून येतो म्हणाले. अहो, आज नाही, पुढच्या रविवारी!

६ सप्टेंबर

काय करून बसले मी.

बाग, खुर्च्या, ऊन छान. त्यांनी कोट घातला होता. पडद्यावर लुत्सेआजी, डोक्याला रुमाल, बाजूला दोरा. क्रोएशियन सुरू झालं. पहिल्यांदा हसू, कोण कुणाची, कोण गेलं. आन्तेंच्या आवाजात मी कधी न ऐकलेला चढ-उतार, तरुण माणसासारखा. मला एक शब्द कळत नव्हता तरी मी खूश.

मग आन्तेंनी आपल्या आजोबांचं नाव घेतलं, शिमुन. लुत्सेआजी काहीतरी म्हणाली. त्यांनी परत विचारलं. तिने तेच परत सांगितलं, हात हलवून आणखी पुढे बोलत होती, आणि आन्तेंनी कुंपणावरून वाकून लॅपटॉप मिटला.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, तू आमच्या रक्ताचा नाहीस. शिमुन डोंगरापलीकडून आणलेलं पोर होतं. मेंढ्या राखायला.” मग कोटाची बटणं काढत, “मी विचारलं नसतं, तर मला माहीत नसतं.”

मी विचारलं नसतं, असं म्हणाले ते. त्यांनी विचारलंच नव्हतं. मी विचारायला लावलं.

१३ सप्टेंबर

बागेत येत नाहीत. वांगी-बटाटा आणि पोळ्या दारात ठेवून बेल वाजवली. डबा धुऊन परत आला. आत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, धुतलेला डबा फक्त.

४ ऑक्टोबर

भेटले एकदाचे, कचऱ्याचे डबे बाहेर काढताना. “मिर्यानाला यातलं काही सांगायचं नाही. आणि त्या लोकांना परत लिहायचं नाही. वचन दे.”

दिलं. न देऊन काय करणार होते?

१५ नोव्हेंबर

मिर्यानाचा फोन. माझा नंबर तिच्याकडे असतोच, वडील एकटे म्हणून. रडवेली.

“पपांना काय झालंय? काल आपण होऊन म्हणाले, बाळाला येरूनचं नाव दे, आमच्या नावात काही नाही.”

मी म्हटलं, वय झालं की माणसं अशी...

ती म्हणाली, “आम्ही पेलिन्चाकच द्यायचं ठरवलं होतं. केव्हाच. येरूननेच सुचवलं. बाळ झालं की पपांना सांगणार होतो, सरप्राइज म्हणून.”

फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या.

“तुम्ही दोघं काहीतरी शोधत होतात ना? काय सापडलं?”

म्हटलं, विशेष काही नाही. अर्जेंटिनात एक घर आहे.

१६ नोव्हेंबर

त्यांची बेल वाजवली. अंगणात उभी राहून सांगितलं, तिने तुमचंच नाव द्यायचं ठरवलं होतं. हे सांगू नको असं ती म्हणाली नव्हती, निदान तसं मी धरून चालले.

दाराला टेकले. “माझंच नाव,” म्हणाले, “माझं कुठे?” आणि दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२० डिसेंबर

पुन्हा लॉकडाऊन. पुण्याचं तिकीट दुसऱ्यांदा रद्द. बाबा म्हणाले, “मी कुठे पळून चाललोय?” हसले, मग खोकले.

दोराचे मेसेज येऊन पडलेत. आजी विचारते, ते रागावले का, आजीला परत बोलायचंय. उघडले नाहीत, वरवर दिसतं तेवढंच वाचलं. वचन दिलंय.

१४ फेब्रुवारी २०२१

मुलगी झाली! आना. कालवा गोठलाय, ईरा पोरांबरोबर बर्फावर. मिर्यानाने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, आना होफस्ट्रा.

आन्तेंनी फोन कुंपणावरून दाखवला. पूर्ण हात लांब करून, अंतर राखून. “माझ्या आईचं कपाळ,” म्हणाले. खूप महिन्यांनी आपण होऊन बोलले. नाव बोटाखाली झाकलं गेलं होतं; मुद्दाम की कसं, कळलं नाही.

१४ मार्च

वचन मोडलं.

दोराचा परत मेसेज, आजी हॉस्पिटलमधून घरी आलीय, तिला झोप लागत नाही, पाच मिनिटं द्या. फोन लावला. लुत्सेआजी उशीला टेकून, नाकात नळी. ती बोलायची, दोरा इंग्रजीत सांगायची.

“त्याने मला पुरं बोलू दिलं नाही.”

मग पुरं बोलली. घरात फक्त मुलीच होत्या. शिमुनचे आईबाप आजारात गेले, म्हणून आणला, मेंढ्या राखायचा. मोठा झाला तसा म्हाताऱ्या मालकाने त्याला चर्चमध्ये सगळ्या गावासमोर हाताला धरून पुढे नेलं आणि सांगितलं, आजपासून हा पेलिन्चाक. मुली लग्न होऊन गेल्या, मालकाच्या भावाची पोरं जगली नाहीत. धरणाचं पाणी आलं तेव्हा गावात होते ते सगळे पेलिन्चाक शिमुनचे. ती स्वतः शिमुनच्या धाकट्या मुलाची मुलगी. अर्जेंटिनातलं घरही त्याच्याच मुलाचं.

“मी म्हणत होते, तू आमच्या रक्ताचा नाहीस, त्या जुन्या घराच्या. आणि पुढे म्हणणार होते, मी पण नाही. आपण कुणीच नाही. आम्हाला नाव जन्माने मिळालं. शिमुनला बोलावून दिलं.”

दोरा डोळे पुसत होती. मी विचारलं, आणि पेलिन? ती औषधाची गोष्ट? आजी हसली, हसताना तिला धाप लागली. “ती खरी असेलही. कुणाला ठाऊक?”

डिसेंबरातच उघडले असते मेसेज तर. बाळ व्हायचं होतं तेव्हा.

१५ मार्च

आन्तेंना सांगितलं. सगळं, एका दमात, मध्ये थांबले तर बोलता येणार नाही म्हणून. थंडी होती, तरी ते कुंपणाशी उभे राहून ऐकत होते. आधी वाटलं चिडणार. टोपी काढून परत घातली. “लुत्सेपण?” एवढंच विचारलं. हो, म्हटलं.

मग, “मी लॅपटॉप का मिटला?”

“तुम्हाला लागलं होतं.”

“एक वाक्य थांबलो असतो.”

मी म्हटलं, मिर्यानाला सांगू या. आडनाव बदलायचा काही मार्ग असेलही, वकिलाला विचारता येईल. मान हलवली. “आत्ता सांगितलं तर तिला जन्मभर लागेल. नाही सांगितलं तर फक्त मला.”

मला पण, हे मी बोलले नाही.

२५ एप्रिल

बाबांना पहिली लस झाली. इथे आन्तेंनाही. लुत्सेआजी गेली, दोराने कळवलं. आन्तेंनी शेवटी स्वतः फोन लावला होता म्हणे तिला, ती जायच्या आधी दोन-तीनदा बोलले. मला माहीतच नव्हतं. बरं वाटलं, आणि का कोण जाणे, जरा एकटंही.

२० जून

मिर्याना, येरून आणि आना आलेत. पहिल्यांदाच. मी ईराला घेऊन शिऱ्याचं पातेलं द्यायला गेले. मिर्यानाने मिठी मारली, मग दोघी दचकलो, मिठी मारायची सवय गेलीय.

आन्ते सावलीत बसले होते, बाळ मांडीवर, पाठ आमच्याकडे. क्रोएशियनमध्ये काहीतरी सांगत होते. संथ, लांबलचक, हात मध्येच वर जायचा. बाळ टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

मिर्याना म्हणाली, “सकाळपासून हे चाललंय. मला अर्धं कळतं. मेंढ्या, चर्च, कुणीतरी शिमुन. तुला माहितेय का, काय आहे ते?”

माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळंच्या सगळं. म्हटलं, “त्यांनाच विचार ना.”

“विचारलं. म्हणाले, थांब, आधी हिला सांगून होऊ दे.”